कोळंबी शेती टिकवायची असेल तर: केरळ, गोवा, आंध्र, व्हिएतनामकडून काय घ्यायचं आणि कोकणातल्या खाडीवर ते कसं बसवायचं

कोकणात कुणी कोळंबीचा तलाव काढायचं ठरवलं की पहिला फोन जातो आंध्रातल्या भीमावरम नाहीतर नेल्लोरच्या कुठल्यातरी टेक्निशियनला. तो येतो, जागा बघतो, आणि तिकडचाच फॉर्म्युला सांगतो: वनामी (परदेशी पांढरी कोळंबी), चौरस मीटरला ५०-६० बीज (म्हणजे पिल्लं), पाण्यात हवा घालणारे एवढे एरेटर, एवढं फीड, १०० दिवसांत माल. तिकडे ते चालतं की नाही हा वेगळा विषय (तिथेही दर दोनचार वर्षांनी रोग येऊन लोक आपटतातच), पण आपल्या खाड्या अरुंद आहेत, लांब आत शिरलेल्या आहेत, पावसाळ्यात चार महिने त्यात गोडं पाणी वाहतं, जमिनीचे तुकडे छोटे आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरच्या तलावाने ओहोटीला सोडलेलं पाणी पुढच्या भरतीला खालच्या तलावाचा पंप उचलतो. म्हणजे तलाव तुमचा, सातबारा तुमचा, पण पाणी सगळ्या खाडीचं. शाश्वत कोळंबी शेतीचा हिशोब त्यामुळे एका तलावाचा मांडून उपयोग नाही, अख्ख्या खाडीचा मांडावा लागतो, आणि खाली जे जे लिहिलंय ते याच एका मुद्द्याभोवती फिरतं.

जगात वेगवेगळ्या किनाऱ्यांवर लोकांनी आपापल्या भरती-ओहोटीप्रमाणे आणि पावसाप्रमाणे पद्धती बसवल्यात. सगळंच्या सगळं उचलण्यासारखं कुठलंच नाही. कुठून काय घ्यायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं ते बघू.

पहिलं काम: जमीन कुठल्या प्रकारची आहे ते ओळखा

तीन प्रकार धरून चाला. एक, खारजमीन, म्हणजे बांध आणि उघाडी (खाडीचं पाणी आत-बाहेर करायचा झडपेचा दरवाजा) असलेलं, पावसाळ्यात भात घेतलं जाणारं किंवा आता पडीक पडलेलं खाजण. दोन, जुना सोडून दिलेला तलाव, ज्यात आता तिवर, म्हणजे कांदळवन, वाढलीय. तीन, भरतीरेषेच्या वरची मोकळी जमीन जिथे नवीन तलाव खोदता येतो.

तिवरं तोडून तलाव काढायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर कांदळवन खाजगी जमिनीत असलं तरी सुटका नाही, भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही धरला जातो. कायदा बाजूला ठेवला तरी ती जमीन कोळंबीला वाईटच. तिवराखालच्या काळ्या चिखलात गंधकाची संयुगं असतात, ती खोदून वर काढली आणि हवा लागली की त्यांचं ॲसिड होतं आणि तलावाचा पीएच वर्षानुवर्षं खाली ओढला जातो, चुन्यावर पैसे ओतत बसावं लागतं. थायलंड, इक्वेडोर, इंडोनेशियात १९८०-९० च्या दशकात तिवरं तोडून काढलेले कितीतरी तलाव काही वर्षांतच ओस पडले त्यात या ॲसिडचाही हात होता.

तपासायच्या गोष्टी: मातीचा पीएच (वरचाच नाही, दोन-तीन फूट खालचाही), मातीत चिकणमाती किती आहे, जवळपास पिण्याच्या विहिरी कुठे आहेत, शेजारी गोड्या पाण्यावरची शेती आहे का. वाळूसर जमिनीत खारं पाणी साठवलं की ते झिरपून शेजाऱ्याच्या विहिरीत जातं आणि मग भांडण गावाशी होतं, जे कुठल्याही रोगापेक्षा महाग पडतं. बांगलादेशात खुलना भागात हेच झालं, गेर (कोळंबीचे बांध घातलेले तलाव) काढणाऱ्यांनी बांध फोडून खारं पाणी आत घेतलं, भातशेती गेली, आणि १९९० मध्ये करुणामयी सरदार नावाची भूमिहीन बाई या विरोधात मोर्चात असताना मारली गेली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एस. जगन्नाथ खटल्यात किनाऱ्यावरच्या कोळंबी तलावांवर कडक निर्णय दिला तोही खारं झालेलं पाणी आणि हिरावलेली शेतजमीन याच तक्रारींवरून.

त्याच निर्णयातून पुढे प्राधिकरण आलं, आणि २००५ चा कायदा होऊन चेन्नईचं कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटी झालं. तिथली नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयातून करता येते, ५ वर्षांची असते. "छोटा तलाव आहे, कोण विचारतंय" असं म्हणू नका, नोंदणी नसेल तर सबसिडीही नाही आणि निर्यातीचा खरेदीदारही माल घ्यायला कचरतो.

खारजमीन असेल तर: पोक्कळी आणि खाजण

कोकणासाठी मला सगळ्यात जवळची वाटणारी पद्धत ही आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यासाठी टेक्निशियन लागत नाही.

केरळात एर्नाकुलम, त्रिशूर, आलप्पुळा या जिल्ह्यांत पोक्कळीची शेती आहे. पावसाळ्याच्या तोंडाला शेतात मातीचे छोटे ढीग करतात, जूनचा पाऊस ढिगातलं मीठ धुऊन काढतो, मग त्यावर भात पेरतात आणि रोपं वाढली की ढीग मोडून पसरतात. ऑक्टोबरच्या सुमाराला फक्त लोंब्या कापून घेतात, पेंढा तसाच उभा ठेवतात. मग नोव्हेंबर ते एप्रिल उघाडीतून भरतीचं पाणी आत. त्या पाण्याबरोबर खाडीतली कोळंबीची पिल्लं येतात, उघाडीवर रात्री दिवा लावतात म्हणजे पिल्लं उजेडाकडे ओढली जातात, आणि कुजणाऱ्या पेंढ्यावर जे शेवाळ-किडे वाढतात ते खाऊन ती मोठी होतात. विकतचं खाद्य नाही, खत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, ओहोटीच्या वेळी उघाडीला जाळं लावून पकड. उत्पन्न हेक्टरी काही शे किलो, वनामीच्या टनांपुढे ते किरकोळ दिसतं, पण खर्चही तसाच किरकोळ, आणि पुढच्या भाताला कोळंबीच्या विष्ठेचं खत फुकट. कर्नाटकात अघनाशिनीच्या मुखाशी, कुमट्याकडे, गजनी जमिनीत कग्गा भात आणि कोळंबी असंच फिरवतात. गोव्याचं खाजण तर आपल्या दारात आहे, कोरगुट भात, मानशीचा (म्हणजे उघाडीचा) दरवाजा, आणि त्या मानशीवर मासळी पकडण्याच्या हक्काचा लिलाव, ज्याच्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची.

हा लिलावाचा मुद्दा नीट बघा, कारण पद्धत टिकते किंवा मोडते ती इथेच. लिलाव घेणाऱ्याला मासळी हवी असते, मग तो दरवाजा नको तेवढा उघडा ठेवतो, खारं पाणी भातात शिरतं, शेतकरी चिडतो, हळूहळू भात सुटतो, आणि सगळं खाजण वर्षभर मासळीचं तळं होऊन बसतं. केरळातही तेच भांडण आहे, सरकारचं धोरण "एक भात एक मासळी" पण भाताला मजूर मिळत नाहीत म्हणून वर्षभर पाणी भरून ठेवायचा मोह. भात गेला की पेंढा गेला, मीठ धुणारा पाऊस वाया गेला, आणि कोळंबीला रोगापासून मिळणारी मोकळीक पण गेली. भाताचे ते चार-पाच महिने खारं पाणी नसतं म्हणून रोगाची साखळी तुटते, हा फायदा लोक हिशोबात धरतच नाहीत.

रायगड-रत्नागिरीच्या खारजमिनीत हे बसवायचं तर असं करा:

मे महिन्यात शेताच्या कडेने आतल्या बाजूला चर काढा, साधारण एक मीटर खोल, शेताच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा थोडा जास्त. ही कल्पना व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातली, तिथे भात-कोळंबीच्या शेतात चर असतोच, दुपारच्या उन्हात कोळंबी तिथे उतरते. चरातून निघालेली माती बांधावर. जूनला पाऊस पडला की उघाडी बंद, पहिले दोन-तीन जोरदार पाऊस साठवून ओहोटीला सोडून द्या, मीठ धुऊन जाईल, मग भात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणं यासाठीच काढलेली आहेत, कुणाकडे जुना लाल राता शिल्लक असेल तर फारच उत्तम. कापणी लोंबीची, पेंढा उभा. दिवाळीनंतर खाडीचं पाणी खारं झालं की उघाडीला जाळी लावून भरतीचं पाणी घ्या. जाळीचं भोक किती हा प्रश्न येतो, फार बारीक लावलं तर पिल्लंच येणार नाहीत, फार मोठं ठेवलं तर मोठे जिताडे आत येऊन सगळी कोळंबी फस्त. रायगडात, पेण-अलिबागकडे, खारातल्या तळ्यांत जिताडा मुद्दाम वाढवणारे लोक आहेत, त्यांनी तो वेगळ्या तळ्यात ठेवावा, कोळंबीच्या शेतात नको.

नैसर्गिक पिल्लं कमी येत असतील (आता बऱ्याच खाड्यांत कमीच येतात) तर वरून देशी पांढरी किंवा टायगर कोळंबीचं तपासलेलं हॅचरीचं (पिल्लं पैदा करणाऱ्या केंद्राचं) बीज चौरस मीटरला २-३ एवढंच टाका. वनामी इथे नको, ती परदेशी जात आहे, उघाडीवाटे रोज खाडीशी संबंध येणाऱ्या शेतात ती सोडायचीच नसते.

आणि सगळ्यात आधी, त्या उघाडीखाली ज्यांची ज्यांची जमीन येते त्या सगळ्यांची बैठक. उघाडी कधी उघडणार कधी बंद होणार हे तारखेसकट कागदावर, कोणाची एकट्याची मर्जी चालणार नाही, आणि कोळंबीच्या विक्रीतला ठरलेला वाटा बांधासाठी. सरकारी योजनेतला खारबंधारा असेल तर खारभूमी विभागाला विचारल्याशिवाय झडपेला हात लावू नका, तो बंधारा खारं पाणी बाहेर ठेवायलाच बांधलेला असतो.

तिवर उगवलेला जुना तलाव

इथे थोडक्यात सांगतो, कारण कोकणात कायद्यामुळे फार करता येत नाही. व्हिएतनामच्या का माऊ प्रांतात शेतकऱ्याच्या तुकड्यात निम्म्याच्या आसपास किंवा जास्त कांदळवन आणि बाकी पाण्याच्या चरी असं असतं, बीज विरळ, खाद्य नाही, पानं गळून कुजतात त्यावर कोळंबी, आणि नाटुरलँडसारखी सेंद्रिय प्रमाणपत्रं मिळून दर चांगला. जावा बेटावर डेमाक भागात वेगळं केलं, तिथे किनारा ढासळत चालला होता म्हणून शेतकऱ्यांनी तलावाचा खाडीकडचा पट्टा सोडून दिला, बांध मागे घेतला, त्या पट्ट्यात तिवर आपोआप वाढू दिली आणि मागच्या लहान तलावात जास्त काळजीने शेती केली. मला डेमाकची पद्धत आपल्याकडे जास्त जमेल असं वाटतं. तुमचा खाडीकडचा बांध दर पावसाळ्यात फुटत असेल तर तो दरवर्षी जेसीबी लावून दुरुस्त करण्यापेक्षा दहा-पंधरा मीटर मागे घ्या आणि पुढचा पट्टा तिवराला सोडा. एकदा वाढली की ती तुमची राहत नाही हे मात्र समजून घ्या, परत तोडता येणार नाही. तलावाच्या आत आधीच तिवर दाट झाली असेल तर तिथे नेहमीच्या कोळंबी शेतीचा विचारच करू नका, कांदळवन कक्षाकडे खेकडा-कालवांच्या योजना असतात त्याची चौकशी करा.

मोकळ्या जमिनीवरचा वनामीचा तलाव: कमी घनता, जास्त शिस्त

बहुतेकांचा प्रश्न हाच असतो, म्हणून इथे सविस्तर.

*घनता आधी ठरवा.* नियमाप्रमाणे वनामी चौरस मीटरला जास्तीत जास्त ६० टाकता येते. ती कमाल मर्यादा आहे पण लोक तिला टार्गेट समजतात. इक्वेडोर जगात सगळ्यात जास्त कोळंबी विकणाऱ्यांपैकी आणि तिथे बरेचसे तलाव मोठे आणि विरळ आहेत, १०-२० च्या आसपास. एक एकराचा हिशोब करून बघा. १ एकर म्हणजे ४,००० चौरस मीटर, २० च्या घनतेने ८०,००० बीज. ७५ टक्के जगलं तर ६०,००० नग, ५० काउंटला (म्हणजे किलोत ५० नग, नग २० ग्रॅमचा) काढलं तर १,२०० किलो. खाद्य किलोमागे १.३ धरलं तर १,५६० किलो. आता हे बघा, ३५ टक्के प्रथिनांच्या एवढ्या खाद्यात नायट्रोजन साधारण ८७ किलो असतो, आणि १,२०० किलो कोळंबीच्या अंगात जातो जेमतेम ३५ किलो. उरलेला ५० किलोच्या वर नायट्रोजन तुमच्या पाण्यात आणि गाळात आणि शेवटी खाडीत. घनता तिप्पट केली की हा आकडाही तिप्पट. एरेटरचंही तसंच, ४००-५०० किलो मालाला १ एचपी लागतो, म्हणजे २० च्या घनतेला ३ एचपीत भागतं, ६० ला ७-९ एचपी आणि शिवाय जनरेटर, कारण कोकणात रात्री लाइट जाते हे काय सांगायला पाहिजे. माझ्या मते दोन-तीन एकरवाल्याने १५ ते २५ च्या वर जाऊ नये.

*जागेची वाटणी.* तीन एकर असतील तर तीन एकर कोळंबी टाकू नका. साधारण निम्म्याहून थोडी जास्त जागा वाढीच्या तलावांना, चौथा हिस्सा साठवण तलावाला, आणि निदान दहावा हिस्सा बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या निवळण तलावाला. वनामीच्या नियमावलीत फार्म कितीही छोटा असला तरी निवळण-प्रक्रिया लागते, आणि ते बरोबरच आहे, एका खाडीवर वीस फार्म असले तर ते छोटे आहेत याने खाडीला काय फरक पडतो? पाच-सहा जणांनी मिळून एक निवळण तलाव केला तरी चालतो.

*गट करा, आणि तो बीज टाकायच्या आधी करा.* आंध्रकडून घ्यायची खरी गोष्ट ही आहे, टेक्निशियनचा फॉर्म्युला नाही. १९९४-९५ च्या व्हाइट स्पॉट या विषाणूच्या रोगाच्या तडाख्यानंतर लोक कंगाल झाले होते, मग एमपीडाने (केंद्राचं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण) पश्चिम गोदावरीच्या मोगलतुरूला छोट्या शेतकऱ्यांचे गट करून बघितले, त्याचा उपयोग झाला आणि २००७ मध्ये नॅक्सा ही संस्था त्यासाठीच सुरू झाली. गटाचे नियम साधे: एका खाडीवर सगळ्यांनी एकाच आठवड्यात बीज टाकायचं, एकाच हॅचरीतून तपासून आणायचं, पाणी घ्यायचे आणि सोडायचे दिवस वाटून घ्यायचे, आणि कुणाकडे मर दिसली तर त्याच दिवशी सगळ्यांना कळवायचं. शेवटचा नियम सगळ्यात अवघड. लोक लाजेपोटी लपवतात, गुपचूप पाणी सोडून तलाव रिकामा करतात आणि आठवड्याभरात खालचे चार तलाव जातात. म्हणून गटात आधीच ठरवा की जो कळवेल त्याला ब्लीचिंगचा खर्च गट देईल. पैसे मिळणार असतील तर माणूस बोलतो.

*तलाव वाळवणं.* आधीच्या पिकानंतर काळा गाळ खरवडून काढा आणि भेगा पडेपर्यंत वाळवा. हा गाळ खाडीत ढकलायचा नाही आणि खारट असल्यामुळे भाताच्या शेतातही टाकायचा नाही, बांधाआड वेगळा खड्डा करून त्यात ठेवायचा, वाळला की बांधाच्या कामाला येतो. ईएचपी हा सूक्ष्म परजीवी येऊन गेला असेल (कोळंबी वाढतच नाही, लहानमोठी होते, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा तरंगते) तर साधं वाळवून भागत नाही, त्याचे बीजाणू चिवट असतात. कळीचा चुना हेक्टरी ६ टन, म्हणजे एकरी साधारण २.४ टन, १०-१२ सेंटिमीटर खोल नांगरून मिसळा आणि माती ओली करा म्हणजे मातीचा पीएच १२ च्या पुढे जातो आणि दोन-तीन दिवस तिथे राहतो. हातमोजे-गॉगल घाला, हा चुना कातडं भाजतो. मग पीएच खाली येईपर्यंत पाणी भरू नका.

*पाणी.* खाडीतून थेट वाढीच्या तलावात पाणी घ्यायची सवय मोडा. भरतीच्या शेवटच्या टप्प्यात, उधाणाच्या दिवसांत पाणी घ्या, ते त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, ते साठवण तलावात चार-पाच दिवस बसू द्या. घेताना बारीक जाळीची पिशवी लावा. वाढीच्या तलावात भरल्यावर नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड २००-२५० पीपीएम (म्हणजे घनमीटर पाण्याला तेवढे ग्रॅम), ती माशांना मारते, कोळंबीला त्या मानाने सोसते, आणि दोन आठवड्यांत तिचंच खत होऊन पाण्याला रंग येतो. खाडीवर आधीच रोग असेल तर मात्र ब्लीचिंग पावडर ६० पीपीएम. एकर तलावात १.२ मीटर पाणी म्हणजे ४,८०० घनमीटर, म्हणजे २८८ किलो पावडर. क्लोरिन पूर्ण उडाल्याशिवाय त्यातलं पाणी कुठेही सोडायचं नाही. तलावाभोवती खेकड्यांसाठी हातभर उंच जाळी लावा, चिंबोऱ्या व्हाइट स्पॉट अंगावर बाळगून एका तलावातून दुसऱ्यात जातात. बगळे-कावळ्यांसाठी वरून दोऱ्या ताणा, फटाके-गोळ्यांची गरज नाही.

*बीज.* वनामीचं बीज फक्त नोंदणीकृत हॅचरीचं. बरंचसं आंध्र-तामिळनाडूतून येतं, म्हणून हॅचरीला तुमच्या तलावाचा खारटपणा आधी कळवा आणि तिकडेच त्याच्या जवळपास आणून पाठवायला सांगा. व्हाइट स्पॉट आणि ईएचपी दोन्हीची पीसीआर तपासणी, रिपोर्टवर टाकीचा नंबर असला पाहिजे, नुसता हॅचरीचा शिक्का नाही. स्वतःची पण एक परीक्षा घ्या: शंभर पिल्लं निम्म्या खारटपणाच्या पाण्यात दोन तास ठेवा, पाचच्या वर मेली तर ती बॅच परत. पिशव्या तलावात तरंगत ठेवा, थोडं थोडं तलावाचं पाणी घाला, घाई नको, पहाटे किंवा संध्याकाळीच सोडा.

*खाद्य.* अर्ध्याहून जास्त खर्च इथे जातो आणि प्रदूषणही इथूनच. १ लाख बीजाला पहिल्या दिवशी दीड-दोन किलो, मग हळूहळू वाढवत नेऊन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून चेक ट्रेवर (खाद्य उरतंय का ते बघायला पाण्यात सोडलेलं ताट) विश्वास ठेवायचा. एकरी निदान दोन ट्रे, आणि ट्रे बघणारा माणूस रोज तोच. दोन तासांनी ट्रेत उरलं असेल तर पुढचा हप्ता कमी, सरळ. फीड विकणाऱ्या माणसाकडून फीडचा चार्ट घेऊन त्याप्रमाणे टाकत बसाल तर काय होणार ते उघड आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास कोळंबी कात टाकते, त्या दोन दिवसांत ती कमी खाते, खाद्य पाव हिश्श्याने उतरवा. ढगाळ दिवशीही तेच.

*रोजची वही.* पहाटे आणि दुपारी पीएच (७.५ ते ८.५ मध्ये असावा, दिवसभरातला फरक अर्ध्याच्या आत), पहाटेचा ऑक्सिजन (लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, सगळ्यात कमी तो उजाडायच्या आधी असतो म्हणून एरेटर रात्रीच जास्त चालवायचे), पाण्याची पारदर्शकता ३०-४० सेंटिमीटर, आठवड्याला क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे), ती १०० पीपीएमच्या वर. अवघड काही नाही, पण न चुकता लिहिलेलं असलं तर काहीतरी बिघडतंय हे तुम्हाला चार दिवस आधी कळतं.

*कोकणचा पाऊस.* याच्यावर आंध्रचा माणूस फार बोलत नाही कारण तिकडे असा पाऊस नाही. मुख्य पीक फेब्रुवारीच्या सुरुवातीला टाकून मे संपायच्या आत काढा. मिरगाचा पहिला जोरदार पाऊस तलावावर पडला की वर गोड्या पाण्याचा थर, खाली खारं, मध्ये ऑक्सिजन जात नाही, शिवाय जांभ्याच्या लाल बांधांवरून येणारं पाणी आंबट असतं म्हणून पीएच पण घसरतो. वळीव लवकर आला तर लगेच सगळे एरेटर चालू, वरचं गोडं पाणी वरच्यावर काढायला आउटलेटच्या वरच्या फळ्या काढा, आणि बांधाच्या उतारावर आधीच चुना मारून ठेवा. दुसरं पीक ऑक्टोबरअखेर टाकणारे आहेत, पण थंडीत पाण्याचं तापमान उतरलं की व्हाइट स्पॉट जोर धरतो, पालघरकडे जास्तच. एकाच पिकात समाधान मानणाऱ्यांचे तलाव जास्त वर्षं टिकलेले दिसतात.

रोग आलाच तर

व्हाइट स्पॉट आणि ईएचपी दोन्हीवर औषध नाही. जो कोणी अँटिबायोटिक घेऊन येईल त्याला बांधावरूनच परत पाठवा, व्हाइट स्पॉट हा विषाणू आहे, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, आणि क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानचा अंश सापडला तर माल परत येतो, तुमच्यामुळे सगळ्या गटाचा. युरोपला निर्यात होणाऱ्या मालाची काढणीआधी एमपीडाच्या प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते ती यासाठीच. त्यांची शफरी नावाची प्रमाणपत्र योजना पण आहे, गटाने मिळून घेतली तर परवडते.

मर सुरू झाली तर पहिली गोष्ट आउटलेट बंद. माल विकण्याजोगा असेल तर पाणी न सोडता जाळ्यानेच काढा, मग आतल्या पाण्यात ब्लीचिंग टाकून निदान आठवडाभर तसंच ठेवा, मेलेली कोळंबी चुना टाकून पुरा, जाळी-बादल्या धुऊन वाळवा, शेजारच्या तलावाला त्या देऊ नका. आणि फोन करा गटाला.

काढणी आणि बाहेर जाणारं पाणी

तलाव रिकामा करताना पहिलं तीन-चतुर्थांश पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, खरी घाण शेवटच्या १५-२० टक्क्यात. ते शेवटचं पाणी तर निवळण तलावात गेलंच पाहिजे, तिथे दोन-तीन दिवस थांबलं की गाळ बसतो. निवळण तलावात बोय मासे सोडा, दोऱ्यांवर कालवं किंवा शिनाणे लावा, ते पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातात आणि थोडे पैसेही देतात. चिंबोऱ्या मात्र तिथे वाढवू नका, कारण वर सांगितलंच. बाहेर सोडायचं ते ओहोटी लागल्यावर, गटात ठरलेल्या दिवशी, शेजारी पाणी उचलत नसताना. थायलंडसारखं तलावाच्या मधोमध खड्डा करून त्यात गोळा झालेला गाळ पंपाने रोज काढायची पद्धत (तिला ते सरळ कोळंबीचा संडास म्हणतात) जास्त घनतेच्या तलावांना उपयोगी, २० च्या घनतेला तेवढा खर्च करायची गरज नाही.

पैसा आणि बाजार

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत आहे. ती धरूनच घनता वाढवू नका, ती साठवण आणि निवळण तलावाच्या खोदाईला वापरा. निर्यातीवर सगळं सोडू नका, २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा किनाऱ्यावर काय धावपळ झाली ते सगळ्यांनी बघितलंय. मुंबई, पुणे, गोवा आपल्याला रात्रीच्या प्रवासावर आहेत, हा फायदा नेल्लोरवाल्याला नाही. ७० काउंटला थोडा माल विरळून स्थानिक बाजारात काढा, उरलेल्याला जागा आणि ऑक्सिजन मिळतो, तो ४० काउंटपर्यंत जातो. खारजमिनीतली देशी कोळंबी तर काउंटवर विकूच नका, बर्फात नीट ठेवून खारातली कोळंबी म्हणूनच सांगून विका, घेणारे आहेत.

माल गेल्यावर तलाव लगेच वाळवायला लावा, आणि मे संपायच्या आत उघाडीच्या फळ्या आणि झडपा बदलून घ्या. पाऊस सुरू झाल्यावर गळ्याएवढ्या चिखलात उतरून ते काम करायला कुठल्याच मजुरीवर माणूस मिळत नाही.